आक्काचे जव

वहीला आता कसलाच वास येत नाही. मी दोनदा नाकाशी धरून पाहिली. समोर ग्लोरिया बसली होती, म्हाताऱ्याचं हे काय चाललंय अशा नजरेनं बघत. वही तिच्या आजोबांची, पेद्रू मास्तरांची. बेळगावच्या कॅम्पातल्या त्यांच्या बंगलीत माळा आवरताना एका ट्रंकेत सापडली. ग्लोरियाचा मुलगा बंगळूरला नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी घरात बिअर करतो. हल्ली तसं खूळ निघालंय म्हणे. त्याला पणजोबांच्या कृती करून बघायच्या आहेत. इंग्रजी त्याला वाचता येतं, पण पानापानाच्या समासात शाईनं मराठी लिहिलेलं आहे, ते काही त्याला लागत नाही. ते कुणी लिहिलं, असं ग्लोरियानं मला विचारलं.

ते मी लिहिलंय. अक्षर वळणदार आहे हे मीच सांगतो, कारण सांगायला दुसरं कोणी उरलेलं नाही. ग्लोरिया वही ठेवून गेली. आठ दिवसांत तिला सगळं नीट उतरवून द्यायचं आहे.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. मी बावीस वर्षांचा, कॅम्पातल्या लष्करी कोठारात कारकून. बेळगावलगतच्या अनगोळहून सायकलनं जायचो. अंगात कोट, डोक्यावर काळी टोपी आणि आपण कोणीतरी आहोत असा चेहरा. पेद्रू मास्तर तेव्हा साठीचे असतील. पलटणीच्या बँडचे निवृत्त बँडमास्तर, मूळचे गोव्याकडचे, पण सगळी हयात बेळगावात गेलेली. तरुणपणी बँडातल्या एका गोऱ्या सार्जंटानं त्यांना घरी बिअर करायला शिकवलं होतं. सार्जंट विलायतेला परत गेला, कृतींची वही मास्तरांकडे राहिली. पुढं लढाईत बोटी अडल्या आणि बाटलीतली बिअर जवळजवळ दिसेनाशी झाली. तिच्यासाठी लागणारं मोड आणून वाळवलेलं जवाचं धान्य, ज्याला ते मॉल्ट म्हणायचे, तेही येईना. जव मात्र बाजारात पोत्यानं मिळत होते. मास्तर मला कोठाराच्या दारात गाठून म्हणाले, मोड कसे आणायचे ते ठाऊक असलेलं माणूस पाहिजे. मी म्हणालो, माझी आक्का आहे.

आक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. तिला गुंजीला दिली होती. लग्नाला तीन वर्षं होतात न होतात तोच नवरा तापानं गेला आणि ती अनगोळला परत आली ती कायमची. तिच्या हाताला एक गुण होता. नाचणीला मोड आणून ती अशी वाळवायची आणि दळायची की अनगोळातल्या प्रत्येक बाळंतिणीच्या घरून तिच्या सत्त्वासाठी वाटी यायची. बारशाला मात्र तिला बोलावणं नसायचं. त्याचं कोणाला काही वाटत नसे, मलाही नाही. सत्त्व घरोघर जायचं आणि आक्का परसात असायची, इतकं ते सरळ होतं.

जवाला तिनं नाचणीसारखंच धरलं. दोन दिवस पितळी घंगाळात भिजत, पाणी सकाळ-संध्याकाळ बदलायचं. मग परसातल्या अंधाऱ्या खोपटात ओल्या गोणपाटावर चार बोटं जाड पसरायचे. त्यांना रोज दोनदा हातानं वरखाली करायचं, नाहीतर मुळं एकमेकांत गुंततात. चौथ्या दिवशी खोपटात काकडी चिरल्यासारखा वास सुटायचा. आक्का एक दाणा नखानं उभा फोडून बघायची. आतला कोंब दाण्याच्या पाऊण लांबीला आला की थांबायचं. त्याहून वाढू दिला तर दाण्यातलं पीठ रोपच खाऊन टाकतं आणि बिअरला काही उरत नाही. मग दिवसभर ऊन, आणि त्यानंतर चुलीवर कढईत मंद शेक. मुळं चोळून काढायची, सुपात पाखडायचं. पाखडलेल्या जवाला बिस्किटाच्या भट्टीसारखा वास यायचा. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे कशासाठी चाललंय ते पक्कं ठाऊक होतं. पण मास्तर दर खेपेला चहाचा एक डबा पाठवायचे आणि आप्पांना चहा आवडायचा, त्यामुळं त्यांनी कधी विचारलं नाही.

समासातलं मराठी आक्कासाठी होतं. तिला वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवायचो. एका पानावर लिहिलंय, 'फिकी. चुलीचा शेक इतकाच की जव कढईत असताना हात घालता यावा.' दुसऱ्यावर, 'तांबडी. गुळाच्या काकवीच्या रंगापर्यंत भाज.' 'काळी. दहातले नऊ भाग फिकीसारखे, दहावा खापरावर करपेपर्यंत. धूर निघाला तर घाबरू नकोस.' एक गव्हाची होती. तिला सार्जंटाच्या वहीत कुठला तरी विलायती गहू सांगितला होता, मास्तर आपली खपली वापरायचे आणि ही सार्जंटापेक्षा बरी झाली म्हणायचे. कडूपणासाठी हॉप्स नावाची सुकी फुलं विलायतेहून डब्यातून यायची. तीही बंद झाली तेव्हा आक्कानंच किराइताचं नाव काढलं. गुंजीच्या रानात ते उगवतं, तापावर काढा करून देतात. मास्तरांनी काडी चघळून बघितली, तोंड वेडंवाकडं केलं आणि एक जुडी मागवली. काळ्या बिअरला किराईत चाललं, फिकीला नाही चाललं.

मास्तरांच्या बंगलीमागच्या पडवीत मी पुष्कळ संध्याकाळी काढल्या. तांब्याच्या मोठ्या हंड्यात पाणी तापत ठेवलेलं असायचं. आधी नुसती वाफ, मग विस्तव ओढल्यावर वाफ जरा विरळ होऊन पाण्यात आपला चेहरा दिसायला लागला की भरडलेले जव त्यात सोडायचे, ही सार्जंटाची खूण. वेळ मोजायला घड्याळ नव्हतं असं नाही, पण मास्तर घड्याळाला मानत नसत. ते बँडच्या चालींवर मोजायचे. वहीत उकळीचा वेळ असाच लिहिलाय, सहा मार्च आणि दोन वॉल्ट्झ. मास्तर डावानं ढवळत तोंडानं वाजवायचे, ट्रॉम्बोनच्या जागी गाल फुगवायचे. मध्येच कोणी बोलायला आलं तर सुरुवातीपासून मोजणी. ग्लोरियाच्या मुलाला हे कसं उतरवून द्यावं याचा मी अजून विचार करतोय. पडवीत जवाच्या गोड पेजेचा वास, विरजणासाठी आणलेल्या शिंदीच्या गाळाचा आंबट वास आणि मास्तरांच्या विडीचा वास असे तिन्ही एकत्र असायचे. उन्हाळ्यात आल्याच्या बिअरच्या बाटल्या फुटायच्या. एकदा लागोपाठ पाच फुटल्या, तेव्हा शेजारचा सुभेदार पळत आला होता.

एक मात्र सांगायला हवं. आक्का त्या पडवीत तोवर कधीच आली नव्हती. तिचे जव जायचे, आणि वहीतल्या गोष्टी माझ्या तोंडून तिच्यापर्यंत यायच्या. काळी कशी झाली, वर फेस किती आला, असं ती विचारायची. मी सांगायचो. फेस दोन बोटं आला म्हटलं की तिचा चेहरा खुलायचा.

मास्तरांना एकच मुलगी, लुसी, म्हणजे ग्लोरियाची आई. तिचं लग्न ठरलं. नवऱ्याकडची माणसं पुण्याकडची, रेल्वेतली, जरा तालेवार. लग्न अ‍ॅडव्हेंट लागायच्या आत उरकायचं होतं, कारण एकदा तो लागला की नाताळपर्यंत चर्चमध्ये लग्नं लावत नाहीत. मास्तरांनी सोयऱ्यांना सांगून ठेवलं होतं की माझ्या मुलीच्या नावानं जो पेला उचलायचा तो माझ्या घरच्या बिअरचा, आणि तीही फिकी. फिकी सगळ्यांत अवघड. तिच्यात काही लपत नाही. तिच्यासाठी त्यांनी हॉप्सचा शेवटचा एक डबा लढाईच्या पहिल्या वर्षापासून कपाटात कुलूप लावून ठेवला होता. आता सगळं आक्काच्या जवावर अडलं होतं. मास्तर स्वतः अनगोळला आले, परसाच्या दारात उभे राहून टोपी हातात घेतली आणि तिला म्हणाले, "बाय, लुसीचं लगीन तुझ्या हातात आहे."

आक्काला असं कोणी कधी म्हणालं नव्हतं. लग्नघरात तिनं हळदीला हात लावायचा नाही, तांदूळ निवडले तरी अक्षतांचे नाहीत, पंगतीला शेवटी. आणि इथं एक लग्न तिच्या हातावाचून अडलं होतं. त्या दिवशी ती नेहमीपेक्षा जास्त बोलली. म्हशीशीही बोलत होती.

दिवस मी मोजले. मला मोजायची हौस होती. कोठारातल्या भिंतीवरच्या इंग्रजी कॅलेंडरावर लग्नाची तारीख धरून उलटा मागे आलो. बाटलीत मुरायला इतके दिवस, आंबायला इतके, मोड आणायला आणि वाळवायला नऊ, दहाव्या दिवशी मास्तर टांगा घेऊन येणार. निघालेली तारीख मी आक्काला सांगितली.

"त्याच दिशी?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, त्याच दिवशी. एक दिवस मागं झाला तरी लग्नाला बिअर व्हायची नाही. ती म्हणाली, "घालतो की मग."

आमच्याकडं बायाही घालतो, करतो, असंच बोलतात. मी टोपी घातली आणि कामाला गेलो. इंग्रजी कॅलेंडरावर तिथी नसतात. ती तारीख अश्विन शुद्ध प्रतिपदा होती, हे मला दोन दिवसांनी देवघरात घट दिसला तेव्हा कळलं, आणि तेव्हाही त्यात काही अडचण आहे असं माझ्या ध्यानात आलं नाही.

आमच्या घरचा घट आई बसवायची. आक्का आदल्या दिवशी शेतातली काळी माती आणायची, चाळायची, खडे वेचायची, आणि देवघराच्या उंबऱ्यापर्यंत आणून ठेवायची. उंबऱ्यापासून पुढं आई. धान्य पेरायचं आईनं, पाणी घालायचं आईनं, माळ सोडायची आईनं. आई काही दुष्ट नव्हती. आक्कासाठी ती रात्रंदिवस झुरायची. पण सवाष्णीनं करायचं ते सवाष्णीनं, याच्यापलीकडं तिला काही दिसत नव्हतं. दुसरी एक रीत आमच्याच घरची होती. घट बसल्यापासून उठेपर्यंत घरात कोणताही अंकुर विस्तवाजवळ न्यायचा नाही. ते नऊ दिवस आम्ही मटकीची उसळसुद्धा करत नव्हतो. मोड आलेलं धान्य म्हणजे त्या दिवसांत देवीच, तिला चटका बसता कामा नये.

सहाव्या-सातव्या दिवशी कढईचा वास यायला हवा होता. तो आला नाही. मी जेवताना आक्काला विचारलं, शेक कधी देणार. "व्हईल," ती म्हणाली. आठव्या दिवशी सायकल लावताना खोपटाकडून वास आला, काकडीचा नव्हे, ओल्या गवताचा. मला कामाची घाई होती. हे मी आता सांगतोय, पण खरं म्हणजे घाई नव्हती. आत डोकावलं तर काहीतरी करावं लागेल असं वाटलं आणि मी डोकावलो नाही.

दसऱ्याला सकाळीच मास्तर आले. ठेवणीतला कोट, पलटणीची जुनी टोपी, बाहेर टांगा उभा. आक्कानं खोपटाचं दार उघडलं. गोणपाटावर जव वीतभर वाढले होते. अंधारातले म्हणून पिवळसर, शेंड्याला हिरवे, दाट, सगळे एका उंचीचे. त्यांच्याभोवती तिनं राखेची बारीक रेघ ओढली होती आणि कोपऱ्यात जास्वंदीची नऊ फुलं ओळीनं मांडलेली होती, पहिली पार सुकलेली, शेवटची ताजी.

मास्तर खालीच बसले. एक रोप उपटून त्यांनी दाणा चिमटीत दाबला. नुसतं फोलपट राहिलं होतं. "बाय, हे काय केलंस?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता.

"घट बसल्यावर अंकुराला इस्तू दावत न्हाईत," आक्का म्हणाली.

मास्तरांना बेळगावात चाळीस वर्षं झाली होती. ते म्हणाले, घट तर आत देवघरात आहे की.

"त्यो त्यांचा," आक्का म्हणाली.

बाहेर टांग्याचा घोडा खूर आपटत होता. आई सोप्यातून परसाच्या दारात आली होती, हातात ताट, ताटात देवघरातल्या घटाचे उपटलेले तुरे. दसऱ्याला ते पुरुषांच्या टोपीत खोवायचे असतात. पलटणीतले शिपाईही खोवायचे आणि मास्तर ते वर्षानुवर्षं बघत आले होते. ते हळूच उठले, टोपी काढून दोन्ही हातांत धरली आणि आक्कापुढं केली.

आक्कानं चार-पाच रोपं निवडून उपटली, मुळं झटकली आणि टोपीच्या पट्टीत खोवली. टोपी घालून मास्तर नीट उभे राहिले, सलामीला राहतात तसे.

मग तिनं आणखी चार रोपं उपटली आणि माझ्याकडं वळली.

मी टोपी काढली नाही. आई दारात ताट घेऊन उभी होती, आणि मी कोठारातला कारकून, शिकलेला, वहीत बिअरच्या कृती लिहिणारा, आईकडं बघितलं. आईनं नजर खाली घातली. मी हात पुढं केला आणि तुरा हातात घेतला, ऑफिसात कोणी अर्ज दिला तर घ्यावा तसा. आक्कानं माझ्या हाताकडं बघितलं. "बरं," ती म्हणाली आणि गोणपाट गोळा करायला वाकली. तुरा मी कोटाच्या खिशात ठेवला. नंतर आईनं माझ्या टोपीत देवघरातला तुरा खोवला, तो मी दिवसभर मिरवला.

मास्तरांनी ते वाढलेले जव टोपलीत भरून तसेच नेले. दुसऱ्या दिवशी एकादशीला आक्कानं जाऊन शेक द्यावा असा त्यांनी निरोप धाडला आणि ती पहिल्यांदा त्या पडवीत गेली. हॉप्सचा शेवटचा डबा फुटला. बिअर पातळ झाली, फेस धरेना, गवताची चव यायची. लग्नात पाहुण्यांनी पेला उचलला, एक घोट घेतला आणि मग सगळे आल्याच्या बिअरकडं वळले. नवऱ्याचे मामा काहीतरी म्हणाले आणि आजूबाजूचे हसले. मास्तरांनी आपला पेला पूर्ण संपवला आणि दुसरा भरून घेतला. चार दिवसांनी टोपली परत करायला ते अनगोळला आले तेव्हा आक्काला म्हणाले, सगळी संपली, थेंबसुद्धा उरला नाही. मी तिथंच उभा होतो. आक्का माझ्याकडं वळली आणि मी मान हलवली.

हे सगळं वहीत नाही. फिकीच्या पानाच्या समासात त्या लग्नाबद्दल मी काही लिहिलेलं नाही. ग्लोरियाला मी इतकंच लिहून देणार आहे की कोंब पाऊण दाण्याइतका झाला की थांबा. तिच्या मुलाला तेवढं पुरे. आक्का जाऊन आता चाळीस वर्षं झाली. तिचा चेहरा आठवायला मला वेळ लागतो, पण काकडीचा वास आला की ती लगेच येते, ओल्या गोणपाटासकट. आपल्या हातून लोकांवर अन्याय झाला असं मला सहसा वाटत नाही, माझा तसा स्वभावच नाही. हा एक वाटतो.

मास्तरांचं आणि आक्काचं काम पुढंही चाललं. दुसऱ्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास काळ्या बिअरचा घाट होता. या खेपेला मी आधी पंचांग बघितलं. दिवस असे काटेकोर मोजून दिले की जव पितृपक्षातच भिजून, वाळून, शेकून तयार व्हावेत आणि नवरात्रात घरात अंकुर म्हणून राहू नये. आक्कानं ऐकून घेतलं आणि तसंच केलं. चूक पुन्हा होऊ नये एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं.

दसऱ्याच्या सकाळी आई ताट घेऊन यायच्या आधी मी परसात गेलो. आक्का खोपटाबाहेर बसून तयार जव सुपात पाखडत होती. कोंडा उडत होता, भट्टीचा वास पसरला होता. मागं खोपटातलं गोणपाट रिकामं होतं, खोवायला एक रोप नव्हतं. मी टोपी काढून हातात धरली आणि तिच्यासमोर उभा राहिलो. तिनं सूप थांबवलं नाही. बऱ्याच वेळानं मान वर करून माझ्याकडं बघितलं, टोपीकडं बघितलं.

"काय पायजे रं?" तिनं विचारलं.

"काय न्हाय," मी म्हणालो.